मधली माती

क्लबचं बरं चाललंय की वाईट, हे बाकीचे लोक गुणतक्त्यात बघायचे. मावशी कपड्यांच्या दोरीकडे बघायची. दोरी क्लबची होती, पण तिच्यावर काय कुठे टांगायचं हे गेली सव्वीस वर्षं मावशीशिवाय कोणी ठरवलेलं नव्हतं. डाव्या टोकाला गोलरक्षकाचा शर्ट, मग बचाव फळीतले चार, मग मधल्या फळीतले तीन, मग आघाडीचे तीन. पुढे हातभर जागा सोडून बदली खेळाडू. धुवायचं तर नीट आणि टांगायचं तर ज्याच्या त्याच्या जागी, असा तिचा खाक्या. अकरा शर्ट वाऱ्यावर हलायला लागले की संघ मैदानात उतरला असं तिला वाटायचं. हे अकराजण निदान आपली जागा सोडून भलतीकडे धावत नाहीत, असंही ती वर म्हणायची.

त्या वर्षी दोरी ओकीबोकी झाली. क्लब खालच्या गटात घसरला आणि घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, तसं झालं. आधी आघाडीचे तिघे गेले, मग गोलरक्षक, मग बचाव फळीतला एकेक करत सगळं डावं अंग मोकळं. मधल्या फळीतले दोघे तर एकाच दिवशी, एकाच रिक्षात बसून गेले. तीन तासांचं धुणं पाऊण तासात आटपायला लागलं. दुसरी कोणी असती तर खूश झाली असती. मावशीला पहिल्या दिवशी रडू आलं. चिमट्यांची टोपली भरलेली आणि दोरी रिकामी, हे तिला बघवेना. मधोमध एकच शर्ट उरला होता, आठ नंबरचा.

आठ नंबर म्हणजे कप्तान. अख्खा क्लब तिला मावशी म्हणायचा, अध्यक्षांपासून ते तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या मैदानाच्या माळ्यापर्यंत. पण खरी मावशी ती एकट्या कप्तानाचीच. थोरली बहीण गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. मावशीला मूलबाळ नव्हतं, तिने त्याला घरी आणलं, आणि घरी एकटा ठेवता येईना म्हणून कामावरही आणलं. तो तिला हाक मारायचा तीच हाक बाकीच्यांनी उचलली. पुढे तो इथेच खेळायला लागला, सोळा हंगाम खेळला, दिवसा टायरच्या दुकानात नोकरी आणि संध्याकाळी सराव. सगळे सोडून गेले तेव्हा त्यालाही बोलावणं आलं होतं. तो म्हणाला, “मी गेलो तर मावशी दोरीवर काय टांगेल?” लोक हसले. मावशी हसली नाही, कारण ते त्याने खरंच म्हटलं होतं.

नवीन संघ उभा करायला मास्तर आले. मास्तर म्हणजे खरेखुरे मास्तर, शाळेत वीस वर्षं भूगोल शिकवलेले. अंगाने काडी, हातात वही, आणि वहीत इतके बाण काढलेले की ते त्यांनाच नंतर लागायचे नाहीत. दोन महिन्यांत त्यांनी कुठून कुठून माणसं गोळा केली. गोलरक्षक मिळाला, बचाव फळी बसली, आघाडीला तीन चपळ भाऊ सापडले. दोरी पुन्हा भरायला लागली. घोडं अडलं ते मधल्या फळीपाशी. जागा तीन आणि माणसं पाच.

एक कप्तान. दुसरा लंबू, मोठ्या क्लबातून आलेला, पायात जादू आणि अंगात आळस. तिसरा पोस्टमन, तो खरोखरच टपाल वाटायचा आणि पासही पत्त्यावर पोचवायचा, मात्र डाव्या पायानेच. चौथा मुंगी, वीस वर्षांचा, बुटका, दिसेल त्या चेंडूमागे जाणारा. पाचवा अध्यक्षांचा जावई. तो का, असं मास्तरांनी विचारलं नाही आणि अध्यक्षांनी सांगितलं नाही. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, एवढंच मास्तर वहीकडे बघत म्हणाले.

मास्तर मावशीच्या खोलीत पहिल्यांदा उतरले ते शिट्टी शोधायला. ती त्यांच्या ट्रॅकसूटच्या खिशात राहून धुण्यात गेली होती आणि मशीन मधूनच वाजत होतं. खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली, अर्धी जमिनीत. दोन मशिनं, एक दगडी हौद, इस्त्रीचं टेबल, आणि वरच्या बाजूला जमिनीलगत हातभर उंचीची एक खिडकी. खिडकीतून बाहेरचा पाण्याचा नळ दिसायचा, आणि नळापलीकडे जाहिरातींच्या फळ्यांखालच्या फटीतून मैदान. म्हणजे मैदान कसलं, गुडघ्यांखालचे पाय. सव्वीस वर्षं मावशीने क्लबचे सगळे सामने असेच पाहिले होते. गोल झाला की नाही ते ती ओरडण्यावरून ओळखायची, पण कोण थांबला आणि कोण धावला ते तिला दिसायचं.

मास्तर आले तेव्हा ती मळक्या कपड्यांचे तीन ढीग लावत होती.

“नंबराप्रमाणे लावत नाही का तुम्ही?” मास्तरांनी विचारलं.

“मातीप्रमाणे लावते. मधली माती काळी आणि चिकट. दोन वर्षांमागे मधोमध पाइप फुटला, तेव्हा माळ्याने सगळं खणून तळ्याकाठची माती भरली. तिला गार पाणीच लागतं. कडेची माती रेताड, झटकली की गेली.”

“आणि हा तिसरा ढीग?”

“तांबडी. ती मैदानात नाहीच. नळापाशी मुरूम टाकलाय ना, तो. ही लागली की समजायचं, गडी बूट धुताना घसरला. गरम पाण्यात घातली तर डाग जन्मभर जात नाही.”

मास्तरांनी पोरांकडून मातीचे प्रकार वीस वर्षं घोकून घेतले होते, पण मोज्यावरची माती बघायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. त्यांनी एक चड्डी उचलली. “ही कोणाची?”

“मुंगीची. दोन्ही गुडघे काळे, उजवी मांडी काळी, पाठीवर घामाचं मीठ. हा पडतो, उठतो, परत पडतो. हे पोस्टमनचं. डावी बाजू मळकी, उजवी देवाघरची. आणि हे तुमच्या लंबूचं. गुडघे कोरे, मोजे कोरे. मळलंय काय, तर बाही, तीही नाक पुसून. उंटावरून शेळ्या हाकतो तो. मधे उभा राहतो आणि हात दाखवतो, तू इकडे जा, तू तिकडे जा.”

“आणि जावयाचं?”

मावशीने एक शर्ट वर धरला. मी केलेली इस्त्री, ती म्हणाली, अजून तशीच आहे.

मास्तर त्या दिवशी शिट्टी विसरून गेले. पुढच्या सरावाला त्यांनी चेंडूकडे बघायचं सोडून माणसांकडे बघितलं, आणि मावशी बोलली त्यातलं अक्षर खोटं निघालं नाही. मग दर गुरुवारी ते चहाला खाली यायला लागले. मावशी ढीग लावायची, मास्तर वहीत लिहायचे. सगळ्यांचं बोलून झालं की ते विचारायचे, आठ नंबर? मावशी म्हणायची, ठीक आहे. आणि मास्तर तेवढंच लिहायचे. घरचं माणूस, म्हणून ती हातचं राखून बोलत असेल, असं त्यांना वाटायचं. खरं तर तेव्हा ते ठीकच होतं.

घोळ मास्तरांनीच घातला. एकदा सरावानंतर ते सगळ्यांसमोर बोलून गेले, “मला फसवाल, मावशीला नाही. तुमचे मोजे तिला सगळं सांगतात.” झालं. दुसऱ्या दिवसापासून जो तो लोळायला लागला. नुसता पास द्यायचा तरी गुडघा टेकायचा. जावई तर सराव सामन्याच्या नाणेफेकीलाच घसरून पडला. लंबूची चड्डी आली ती दोन्ही गुडघ्यांवर अगदी सारखी माती, पावडर लावावी तशी, आणि कडेला चार बोटं उमटलेली. मावशीने ती चड्डी हातात धरून जिन्यावरूनच विचारलं, “ही बोटं कोणाची रे?” पोरं पोट धरून हसली. लंबूचं तोंड एवढंसं झालं. पण त्या दिवसापासून गडी खरंच पडायला लागला. हसं झालेला माणूस कधी कधी सुधारतो.

पहिला सामना शनिवारी होता, घरच्या मैदानावर. त्याच्या दोन आठवडे आधीची गोष्ट. मावशी ढीग लावत होती, आणि आठ नंबरची चड्डी हातात आली. दोन्ही गुडघ्यांवर माती होती, डाव्या मांडीवर होती. ती सवयीने काळ्या ढिगावर टाकायला गेली आणि तिचा हात थांबला. माती तांबडी होती.

घसरला असेल, ती स्वतःशी म्हणाली, आणि वेगळी भिजवून धुतली. पुढच्या सरावाला पुन्हा तांबडी. त्यापुढच्या सरावाला ती खिडकीखाली स्टूल ठेवून उभी राहिली. फटीतून तिला आठ नंबरचे पाय दिसले. हे पाय तिने लहानाचे मोठे होताना पाहिलेले. डावा पाय अर्ध्या पावलाने मागे येत होता. चेंडू दोघांच्या मधे आला की मुंगीचे पाय जमिनीवरून सुटायचे आणि कप्तानाचे पाय जागच्या जागी थांबायचे. गुडघा दुखत होता तर. शिट्टी झाली, सगळे वर गेले. मग ते पाय एकटेच नळापाशी आले, अगदी खिडकीसमोर. एक हात खाली आला, मूठभर ओला मुरूम घेतला, आणि वर गेला.

मावशी स्टुलावरून उतरली आणि हौदाच्या काठावर बसून राहिली.

हे तिने आधी पाहिलेलं होतं. तो नऊ वर्षांचा होता तेव्हा शाळेच्या संघात नाव लागलं म्हणून नाचत घरी आला होता. मग रोज कपडे मळवून यायचा आणि जेवताना आज मी असा पळालो, तसा मारला, हे सांगायचा. त्याची माती शाळेच्या मैदानाची नव्हती, कोपऱ्यावरच्या घरबांधणीची होती. पोराला कोणी खेळायलाच घेत नव्हतं. मावशीने तेव्हा अळीमिळी गुपचिळी धरली. महिनाभर ते खोटं रोज धुतलं, वाळवलं, घडी करून ठेवलं. मग एके दिवशी माती खरी यायला लागली आणि तिची भीती सरली.

गुरुवारी मास्तर आले. चहा घेतला, वही उघडली. “उद्या संध्याकाळी संघ ठरवतो, परवा सकाळी यादी लावायची. पोस्टमन पक्का. लंबूही आता खेळतोय. तिसरी जागा एक, आणि माणसं दोन. कप्तान की मुंगी? मुंगी नवखा आहे. कप्तानाच्या नुसत्या उभं राहण्याने बाकीचे सावरतात. मला कप्तान हवाय, मावशी. पण खालच्या गटात मारामारी असते, मधे जो पडेल त्याचं काम. तुम्ही नुसतं सांगा, आठ नंबर?”

ठीक आहे, एवढे दोन शब्द बोलायचे होते. मावशीने कपातला तळाचा चहा हलवला.

“उद्या सांगते,” ती म्हणाली.

“तुम्ही कधी उद्या म्हणत नाही.”

“आज म्हणतेय.”

मास्तरांनी वही मिटली आणि पुढे काही विचारलं नाही. शहाणा माणूस.

कप्तान दर गुरुवारी बायकोला घेऊन मावशीकडे जेवायला यायचा. त्या गुरुवारी एकटाच आला, बायको माहेरी गेली होती. खुर्चीवरून उठताना टेबलाला हात लावून उठला. मावशीचा नवरा, निवृत्त बसवाहक, अर्धा बहिरा आणि पुरता मिश्कील, त्याला म्हणाला, “तिसऱ्या जागेसाठी रांग लागलीये म्हणे. मागून चढा, पुढून उतरा.”

“काका, मी पुढच्याच सीटवर आहे,” कप्तान हसून म्हणाला. मग ताटात बघत त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, “मास्तर काही बोलले का गं माझ्याबद्दल?”

“मला काय विचारतोस? मी कपडे धुणारी बाई,” मावशी म्हणाली आणि तो नको नको म्हणत असताना त्याला आणखी वाढलं.

तो गेल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा ती फार हळू बोलली.

“मास्तरांना खरं सांगितलं तर त्याची जागा गेली,” ती म्हणाली. “सगळे पळाले तेव्हा तो एकटा राहिला, आणि त्यालाच मी बाहेर काढू? आणि खोटं सांगितलं तर गुडघा जाईल, सामना जाईल, आणि त्या बुटक्या पोराची जागाही गेली. तोही कुणाचा तरी भाचा असेलच.”

नवऱ्याने तिच्या हातातलं ताट घेऊन मोरीत ठेवलं. मग म्हणाला, “सोनारानेच कान टोचावेत. मास्तरांना नंतर सांग. आधी त्याला सांग.”

“तोंडाने नाही जमायचं मला.”

“मग तुला जसं जमतं तसं सांग.”

शुक्रवारी सकाळी मावशीने सव्वीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. आठ नंबरची तांबडी चड्डी तिने न धुता, मातीसकट घडी केली, आणि कप्तानाच्या खुंटीखालच्या फळीवर, बाकी धुतलेल्या कपड्यांच्या वर ठेवून दिली.

संध्याकाळी सराव सुरू व्हायच्या आधी तो खाली आला. हातात चड्डी होती.

“ही धुवायची राहिली,” तो म्हणाला.

“राहिली नाही. ठेवलीये.”

मशीन पाणी सोडत होतं, ते सोडून झालं.

“मधली माती काळी आहे रे,” मावशी म्हणाली. “निदान काळी तरी लावायचीस.”

तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला, चौतीस वर्षांचा बाप्या, आणि चड्डीवरची माती नखाने खरवडत राहिला. “शाळेत होतो तेव्हाही तुला कळलं होतं?”

“पहिल्या दिवशी.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू नऊ वर्षांचा होतास. आई जाऊन वर्ष झालेलं. घरी येऊन आपण खेळलो असं सांगावंसं वाटतंय, एवढंच मला पुरेसं होतं.” तिने हात पदराला पुसले. “आता तू संघाचा कप्तान आहेस. गुडघा किती दिवस?”

“तीन महिने. चालायला त्रास नाही. खाली पडलो की उठताना जीव जातो.”

“डॉक्टर?”

“डॉक्टर म्हणतो वर्षभर थांब. चौतिसाव्या वर्षी वर्षभर थांबणं म्हणजे काय ते तुला कळतंय ना?” त्याचा आवाज चढला. “सगळे गेले, मावशी. मी राहिलो. सोळा वर्षं. आणि आता संघ उभा राहतोय तर मी बाकावर बसू? मास्तरांना काय सांगणार आहेस तू?”

मावशीला त्याच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, पण ती उभीच राहिली.

“खरं सांगणार. मला फार वाईट वाटतंय, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पण लंबूचं खरं सांगितलं, जावयाचं सांगितलं, आणि तुझं तेवढं झाकायचं, हे नाही व्हायचं माझ्याने. पाच वाजता मास्तर चहाला येतील.”

तो उठला, भिंतीला हात लावून. चड्डी तशीच हातात घेऊन जिना चढून गेला. जाताना दार आपटलं नाही, पण लावूनही घेतलं नाही.

पाच वाजता मावशीने चहा टाकला. सव्वापाचला तो गाळला. मास्तर आले नाहीत. साडेपाचला चहावर साय धरली, सहाला तिने तो ओतून दिला. तिने ठरवलेलं वाक्य तसंच तोंडात राहिलं. कप्तानाने मास्तरांना काय सांगितलं असेल, की मावशीशी बोलू नका, ती म्हातारी झालीये, तिला आता नीट दिसत नाही? छे, तो असं बोलणार नाही. पण दुखावलेला माणूस काय बोलेल याचा नेम नसतो, आणि दुखावलं तर तिनेच होतं.

शनिवारी सकाळी यादी दारावर लागली. मावशी चष्मा पुसून तिच्यापुढे उभी राहिली. मधली फळी: पोस्टमन, लंबू, मुंगी. मुंगीच्या नावापुढे आठ नंबर लिहिला होता. कप्तानाचं नाव खाली, बदली खेळाडूंत, सोळा नंबर. जावयाचं नाव कुठेच नव्हतं. तो सासऱ्यांच्या शेजारी खुर्चीवर बसणार होता, आणि खरं सांगायचं तर त्यालाही तेच हवं होतं.

सामना तिने खिडकीतूनच पाहिला. आठ नंबरचा शर्ट फटीतून दिसत नाही, पण ते आखूड पाय सगळीकडे दिसत होते, खाली, वर, परत खाली. आणि रेषेच्या अलीकडे, जाहिरातींच्या फळ्यांपाशी, आणखी दोन पाय नव्वद मिनिटं येरझाऱ्या घालत होते. त्या पायांचा आवाजही येत होता. “डावीकडे बघ. थांब, आता जा. उठ, उठ, काही झालं नाही.” हे तो मुंगीला सांगत होता. उठ म्हणताना त्याचा आवाज अगदी तिच्यासारखा लागत होता, आणि हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. सामना एक-एक बरोबरीत सुटला. सोळा नंबरला मास्तरांनी मैदानात उतरवलंच नाही.

कपड्यांच्या टोपल्या खाली आल्या. मुंगीचे कपडे मातीने इतके जड झाले होते की टोपलीची एक कडी निघाली. सगळ्यात तळाशी सोळा नंबर होता. शर्ट, चड्डी, मोजे. घडीची रेघ तशीच. एक ठिपका नाही, ना काळा, ना तांबडा. नळ तर खिडकीसमोरच होता, मुरूम ओलाच होता.

ती ते कपडे हातात धरून उभी असताना कप्तान जिन्यावर आला.

“आज धुवायला काही नाही बघ,” तो म्हणाला.

“घाम तरी आला असेल.”

“घामही नाही. घसा तेवढा बसलाय.”

मावशीने विचारायचं नाही ठरवलं होतं, तरी विचारलं. “काल मास्तर चहाला आले नाहीत.”

“मीच म्हणालो, जाऊ नका. म्हटलं, माझं मावशीला विचारू नका, तिला जड जाईल. मीच सांगतो.” तो खालच्या पायरीवर बसला आणि दुखरा पाय लांब केला. “मास्तर म्हणाले, वर्षभर या पोराला शिकव. मी म्हटलं बघू.”

मग मात्र मावशीला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही. रडता रडताच तिने टबात पाणी सोडलं, साबण घातला, आणि ते कोरे कपडे भिजवले. तो म्हणाला, अगं, स्वच्छ आहेत ते. ती म्हणाली, माहितीये मला.

सोमवारी मास्तर वही घेऊन आले तेव्हा दोरी भरली होती. गोलरक्षक, मग चार, मग मधले. मास्तरांनी मोजलं, मग बोट लावून पुन्हा मोजलं. मधल्या फळीत तिघांच्या जागी चौघे होते. आठ नंबरच्या खांद्याला खांदा लावून सोळा नंबर वाळत होता.

“मावशी, बदली खेळाडू त्या टोकाला ना?” मास्तर म्हणाले.

मावशीने तोंडातला चिमटा काढून सोळा नंबरला लावला.

“संघ तुम्ही निवडा, मास्तर,” ती म्हणाली. “दोरी माझी आहे.”